आमटीतला केस

“हा घाला, थेट कंबरेपर्यंत येतो,” विगच्या दुकानातली बाई म्हणाली. शैलजाने घातला. आरशात पौराणिक नाटकातली अप्सरा अवतरली, फक्त पन्नाशीची आणि चष्मेवाली.

केमोत केस गेले, तेव्हा “बरं झालं, ते कुरळं जंजाळ सुटलं,” असं तीच सगळ्यांना हसून सांगायची. जन्मभर तिने त्या केसांना नावं ठेवली होती. आता हवे ते निवडायची मुभा होती, पण रेशमी, सरळ, खांद्यापर्यंतचे, कुठलेही घातले तरी आरशात परकी बाईच बसायची. शेवटी तिने कोपऱ्यातला पिंजारलेला, कुरळा, किंचित पांढरा विग उचलला. “हाच द्या. असेच केस देवाने फुकट दिले होते, तेव्हा मी नाक मुरडलं.”

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने आमटीतून एक कुरळा केस ओढून काढला. ती आजारी पडल्यापासून त्याने करपलेलं पिठलंसुद्धा निमूट गोड मानून खाल्लं होतं. आज मात्र जुन्या सवयीने त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “अगं, किती वेळा सांगितलं, स्वयंपाक करताना केस बांधत जा.”

शैलजाने पदर खोचला आणि ती कितीतरी महिन्यांनी त्याच्याशी मनसोक्त भांडली.