आठ-आठची जोडी

‘भावा, रॅम घ्यायची हाय. ३२०० ची घेऊ का ३६०० ची?’

मेसेज वाजला तेव्हा माया भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, हात पुसले आणि मुलाच्या, आयुषच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. प्रश्न दोनदा वाचला. काहीच कळलं नाही.

आयुषला कळलं असतं. शिरूरच्या त्या गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर अडला की लोक त्यालाच हाक मारायचे. डेंग्यूनं तो गेला, त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं.

मेसेज पाठवणाऱ्या खुटबावच्या इंद्रजीतला हे ठाऊक नव्हतं. दोघांची दोस्ती गेममधली. कधी भेटले नव्हते, एकमेकांचे चेहरेही पाहिले नव्हते. आयुष गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून पाहुणे पांगले, त्या दुपारी स्क्रीनवर त्याचा मेसेज दिसला. ‘कुठं हाईस रं?’ खरं काय ते सांगायचं म्हणून माया लिहायला बसली. लिहिलं गेलं एवढंच, ‘आहे.’

ते एकदा लिहिल्यावर पुसवेना. निदान एका माणसासाठी तिचा मुलगा जिवंत होता.

सुरुवातीला ती चुकायची. ‘बघते’ लिहायची, मग घाईनं पुसून ‘बघतो’ करायची. बोलायला नको म्हणून तिनं कळवलं, ‘माइक बिघडलाय.’ उत्तर आलं, ‘माझाबी.’ तिला हायसं वाटलं. पुढे ‘परीक्षा हाय’ म्हणून इंद्रजीतनं खेळायला बोलावणंही बंद केलं. तेही बरंच झालं. पण मेसेज मात्र रोज यायचा. जेवला का, अभ्यास कर, आईला तरास दिऊ नको. जुन्या मेसेजांत तर ही दोघं एकमेकांना नुसत्या शिव्या घालत होती. पोरगं शहाणं झालं, असं मायाला वाटायचं.

‘बघून सांगतो,’ तिनं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीतून सुटल्यावर ती बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदारानं समजावून सांगितलं, उरलेलं तिनं घरी बसून व्हिडिओत पाहिलं. मग इंद्रजीतच्या मशीनची माहिती आयुषच्या जुन्या मेसेजांत शोधून काढली.

‘३६०० ची घेऊ नको,’ तिनं लिहिलं. ‘तुझा बोर्ड ३२०० च्या वेगापुढं जातच नाही. आणि सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठची जोडी घे. दोन्हीकडून काम होतं, मशीन जास्त पळतं.’

‘ती दिव्यांची लय भारी दिसती. म्हाग हाय, मंजी चांगली आसंल ना?’

‘दिव्यांचेच पैसे आहेत ते. काळी साधी घे. वेग तोच. पण लवकर घे, भाव रोज चढतायत.’

असं आठवडाभर चाललं. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचा. ती न कंटाळता सांगायची. आयुष जेवताना हेच बोलायचा, आणि ती ‘गप जेव आता’ म्हणायची. आता ते शब्द तिला कळत होते. ऐकवायला तो नव्हता.

नवरा एकदा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, “त्या पोराला किती दिवस फसवायचं, माया?”

“त्याला लागेल हो फार.”

“लागंल. पण उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर जास्त लागंल. तू जाऊन सांग. जवळ बसून सांग.”

रात्रभर तिला झोप आली नाही. सकाळी तिनं लिहिलं, ‘रविवारी यवतला येतो. तिथल्या दुकानातून मिळूनच घेऊ.’

उत्तराला बराच वेळ लागला. मग आलं, ‘ये. मलाबी भेटायचंच व्हतं. पोचलास की मेसेज टाक.’

रविवारी ती न्हावऱ्यावरून चौफुल्याला आली, तिथून दुसरी गाडी पकडून यवतला उतरली. हायवेला लागूनच दुकान होतं. आत गर्दी होती, म्हणून ती बाहेरच्या बाकड्यावर बसली. काय बोलायचं ते तिनं गाडीत मनाशी जुळवलं होतं. आता त्यातलं एक वाक्य आठवेना. कुणी तरुण पोरगा दुकानाकडे वळला की ती अर्धवट उठायची.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, धुवट सदरा. तोही रस्त्याकडेच बघत होता.

“उन्हात कशापायी बसलाय, ताई? हिकडं सरा, सावली हाय,” तो म्हणाला.

ती सरकली. “तुमचं काही काम आहे का दुकानात, आबा?”

“पोराचं काम व्हतं. त्याच्या मनात एक वस्तू घ्यायची व्हती, ती ऱ्हायली.”

“मग तो नाही आला?”

“त्याला जाऊन आता वरीस व्हत आलं.”

“कुठं असतो?”

तेवढ्यात उसाचा ट्रक धडधडत गेला. म्हाताऱ्याला ऐकू आलं नसावं. तिनंही पुन्हा विचारलं नाही. कुणाची पोरं पुण्यात, कुणाची परदेशात. तिचं पोरगं परदेशात असतं तरी तिनं जन्मभर वाट पाहिली असती.

इंद्रजीतचा पत्ता नव्हता. तिनं पर्समधून आयुषचा फोन काढला आणि लिहिलं, ‘मी पोचलो. दुकानाबाहेर आहे. तू कुठं आहेस?’

शेजारी कुठंतरी फोन वाजला. म्हाताऱ्यानं सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, चष्मा लावला, उठून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. डोळे पुसले. मग पुन्हा खाली बसून, एका बोटानं एकेक अक्षर शोधत तो काहीतरी लिहू लागला.

मायाच्या हातातला फोन उजळला.

‘हितंच बाकड्याव बसलोय, भावा. तू दिसंना मला.’