उन्हाची वजाबाकी

कर्जतकडच्या एका वाडीत पाण्याची जुनी टाकी कलतेय की काय, हे पाहायला प्रज्ञाने स्वतः बनवलेला कॅमेरा समोरच्या गच्चीवर बसवला होता. मिलिमीटरभर हालचालही तो टिपायचा. मार्चपासून ऊन चढत गेलं, तशी पडद्यावरची टाकीही रोज थोडी थोडी सरकू लागली. उन्हाने भिंग फुगतं आणि चित्र सरकतं, असं प्रज्ञा शिकली होती. तिने तापमानाप्रमाणे तेवढा फरक वजा करायची सोय प्रोग्राममध्ये केली आणि टाकी पुन्हा जागच्या जागी दिसू लागली.

टाकीखाली राहणाऱ्या साळूबाईने तेव्हा विचारलं होतं, "पोरी, घर सोडून लेकीकडं जाऊ का?"

"काही गरज नाही आजी. टाकी जराही हललेली नाही."

मे महिन्यात टाकी कोसळली. साळूबाई वाचली, पण तिचा पाय गेला. प्रज्ञा दवाखान्यात भेटायला गेली आणि खाटेशी बसून रडू लागली. शेवटी साळूबाईनेच तिचा हात हातात घेतला.

"रडू नगंस. मानसाला सोसंना असलं ऊन हुतं, यंत्राला कसं सोसावं? उन्हानं चुकला आसंल तुजा क्यामेरा."

प्रज्ञाने मान खाली घातली.



त्याच सकाळी तिने तो कॅमेरा प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये पहिल्यांदाच मे महिन्याच्या उन्हाइतका तापवून पाहिला होता, आणि चित्र केसभरही सरकलं नव्हतं.