जमादारणीचं अंडं

जमादारीण सकाळपासून शिलाई मशीनखाली एका पायावर उभी होती आणि डोळा उघडायला तयार नव्हती. पिसं फुगलेली, मान आत गेलेली. समोर बटण पडलं तरी तिनं चोच मारली नाही. तेव्हा म्हाताऱ्या शिंप्यानं पायडल थांबवलं.

"सूनबाई, कोंबडी बिघडली."

कोंबडी कसली, दुकानाची मालकीणच ती. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या चपला तपासायची. माणूस पटला नाही तर पोटरीला चोच. खाली पडलेली बटणं गिळायची आणि मनात आलं तर दुसऱ्या दिवशी परत करायची. म्हणून तिला सगळे जमादारीण म्हणत. तिच्या बरोबरीच्या कोंबड्या पातेल्यात जाऊन जमाना लोटला होता. ही अजून जिवंत होती, ती सुनेच्या थापेवर.

म्हाताऱ्याचा एक कायदा होता. तो चारचौघांत छाती ठोकून सांगायचा. "ज्याच्या हातून काम होत नाही त्यानं जागा अडवू नये. कोंबडीनं अंडं थांबवलं की पातेलं. आणि माझं काज वाकडं आलं की मीही ह्या खुर्चीवरून उठेन आणि खाट धरेन." असले कायदे करताना माणसाचे हात शाबूत असतात. सगळा घोळ तिथंच होतो.

कारण जमादारणीनं अंडं केव्हाच थांबवलं होतं आणि म्हाताऱ्याचं काज केव्हाच वाकडं झालं होतं. नजर अधू, बोटं थरथरती. काजं अशी यायची की बटणाला आत शिरायला वाट विचारावी लागे. सून काय करायची? सकाळी बाजारातून आणलेलं अंडं चिंध्यांच्या टोपलीत सारायची, आणि दुपारी म्हातारा घोरायला लागला की त्याची काजं उसवून नव्यानं घालायची. दोन्ही कामं चोरून. म्हाताऱ्याचा थोरला भाऊ काम सुटल्यावर खाटेवर पडला होता, तो लोकांच्या खांद्यावरूनच बाहेर गेला. हे तिनं ह्याच घरात पाहिलं होतं.

एकदाच घोटाळा झाला. घाईत नवऱ्याच्या डब्यात कच्चं अंडं गेलं आणि उकडलेलं गेलं टोपलीत. कारखान्यात नवऱ्यानं अंडं बाकावर आपटलं आणि पँट बरबटून घेतली. संध्याकाळी तो बोंबलत घरी आला तेव्हा सून आधी टोपलीकडे धावली. पण टोपलीतलं अंडं म्हातारा मीठ लावून खाऊन मोकळा झाला होता. ब्र काढला नव्हता. आपणच उकडलं असं वाटलं असेल बिचाऱ्याला, ती मनात म्हणाली. डोळे गेले, बोटं गेली, आता डोकंही चाललं.

आज कोंबडी बिघडल्याचं कळताच शेजारचा खाटीक दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, अंगात ऊब आहे तोवर इकडे द्या. उगाच वाया जाईल."

"ऊब तुझ्याही अंगात आहे अजून," म्हातारा म्हणाला. "तुझ्या बायकोला विचारू का?"

खाटीक आला तसा गेला.

मग गुरांचा डॉक्टर आला. त्यानं जमादारणीला टेबलावर कापड मोजायच्या पट्टीशेजारी ठेवलं, पोट चाचपलं, पंख उचलून पाहिले.

"अंडं अडकलंय," म्हातारा म्हणाला. "परवाच घातलंय तिनं."

डॉक्टर हसला. "आजोबा, हिनं अंडं घातल्याला वर्षं लोटली. म्हातारी झालीय ती. आता काही तासांचीच सोबत."

म्हातारा भडकला.

"वर्षं लोटली म्हणे! खातोय कोण, तुम्ही की मी? कोंबडी कळत नसेल तर बैल तपासा, जा!"

डॉक्टरनं बॅग उचलली. सून पदराआड हसली. थाप वाचली होती.

कोंबडी वाचली नाही. दुपारी म्हाताऱ्याच्या मांडीवर तिनं मान टाकली. पण जमादारीणच ती. जाता जाता त्याच्या सदऱ्याचं बटण तोडूनच गेली.

म्हाताऱ्यानं तिला अलगद चिंध्यांच्या टोपलीत ठेवलं. मग उठला. कोणाच्या तरी कोटातून उरलेला अस्तराचा रेशमी तुकडा त्यानं काढला आणि पिशवी शिवायला घेतली. दोरा ओवून द्यायला सुनेनं हात पुढं केला. त्यानं तो बाजूला सारला. दोरा चार वेळा चुकला, पाचव्यांदा शिरला. पिशवीला झाकण आलं. झाकणाला त्यानं काज घातलं आणि खाली जमादारणीनं तोडलेलं तेच बटण लावलं. तिला आत निजवलं, पंख नीट मिटले. आणि बटण काही केल्या काजातून जाईना. काज कसलं, गोगलगाय चालून गेल्यासारखी वाकडी रेघ.

सुनेचा हात सवयीनं कात्रीकडे गेला.

"द्या मामंजी, दोऱ्याचं टोक तेवढं कापते."

म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटण रेटत रेटत एकदाचं काजातून पार केलं.

"ह्या जमादारणीनं उकडलेलं अंडं घातलं, तेव्हा मी काही बोललो?" तो म्हणाला. "बाकीची काजं उसवत राहा. हे एक तेवढं माझ्या हातचं राहू दे."