दोन वह्या

टेबलावर केक मांडून झाला होता आणि एनिड प्रॉक्टर मेव्हिसला एकटीला गाठायची वाट बघत होती. आज नाही तर पुन्हा नाही. मेव्हिस थॉर्नली शनिवारच्या बोटीने कॅनडाला, लेकाकडे, कायमची निघाली होती. आणि तिचे उपकार मानायचे राहूनच गेले होते.

उपकार काही साधेसुधे नव्हते. एनिडची नोकरी गेली दोन वर्षं मेव्हिसच्याच जिवावर चालली होती.

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, अगदी वरच्या मजल्यावर, सहा बायका दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. फुग्याला बांधून आभाळात सोडलेल्या फोटोच्या काचा खाली आल्या, धुतल्या, की यांच्यापुढे येत. आभाळातला कण काचेतून गेला की मागे काळ्या ठिपक्यांची रेघ उरते. ती हुडकायची, जागा मोजायची, वहीत लिहायची. तांदळातले खडे निवडावेत तसं काम, पण मान मोडेपर्यंत.

नियम एकच. प्रत्येक काच दोघींनी बघायची, वेगवेगळी, एकमेकींशी चकार शब्द न बोलता. मग विभागाचे प्रमुख डॉ. लॅथम दोघींच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून ताडून बघत. एकीला दिसलं आणि दुसरीला नाही, असं फार झालं की दुसरीला गोड बोलून घरी पाठवत. माणूस सज्जन, पण या बाबतीत त्यांनी सख्ख्या आईचीही गय केली नसती.

एनिडला घरी बसणं परवडणारं नव्हतं. नवरा लढाईत गेलेला, घरात गिरणीच्या कापसाने छाती पोखरलेला बाप. आणि खरं सांगायचं तर या कामावर तिचा जीवही होता. दोन वर्षांपूर्वी बारीक रेघा तिच्या नजरेतून निसटायला लागल्या. जाड तेवढ्या दिसत. हे चष्म्याने भागणारं नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं.

त्याच आठवड्यात एकदा अकराच्या चहाला सगळ्या खाली गेल्या, एनिड तेवढी मागे राहिली. शेजारच्या टेबलावर, तिच्याच जोडीने त्याच काचा बघणाऱ्या मेव्हिसची वही उघडी होती. पहिल्या दिवशी तिने मान फिरवली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, आणि आपल्याकडे नव्हतं ते भराभर उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशीही वही उघडीच. मेव्हिस काही विसरभोळी बाई नव्हती, आयुष्यात एक हातमोजा हरवला नव्हता तिने. ती मुद्दाम ठेवते, आपल्यासाठी ठेवते, हे एनिडने ओळखलं आणि घरी जाताना ट्राममध्ये ती चारचौघांत रडली. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. एनिडच्या गायी मेव्हिसने राखल्या.

त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. दुपारी एनिड बापाला सूप द्यायला घरी पळे, मेव्हिस जागेवरच बसून पाव-चीज खाई. रेशनवरची मूठभर साखर वाचवून एनिड तिला नेऊन देई. "हे कशाला गं?" म्हणत मेव्हिस ती घेई, पण नजर वर करत नसे. ही बाई केलेलं बोलूनही दाखवत नाही, म्हणून एनिडला ती आणखीच थोर वाटे.

दोघींच्या वह्या तर अशा जुळायला लागल्या की डॉ. लॅथम पाहुण्यांना दाखवत. मग गेल्या हिवाळ्यात मोठं काम आलं. समुद्रापलीकडच्या काही शास्त्रज्ञांनी एक नवाच कण सापडल्याचं जाहीर केलं होतं. त्याची रेघ अगदी बारीक, जेमतेम दिसेल अशी. डॉक्टरांनी तीनशे काचा काढल्या आणि आपल्या या दोन हुकमी बायकांपुढे ठेवल्या. चार महिने काम चाललं. बारीक रेघ एकही निघाली नाही. एनिडला आपला भरवसा नव्हता, पण मेव्हिसच्या वहीत नव्हती म्हणजे नव्हतीच. डॉक्टरांनीही तसंच छापून टाकलं: असा कण नाही. पलीकडच्या मंडळींनी आपलं म्हणणं मागे घेतलं आणि शोध बंद केला.

आज चहाच्या वेळी डॉक्टरांनी त्या निबंधाची शेवटची ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. श्रीमती थॉर्नली आणि श्रीमती प्रॉक्टर यांच्या तीक्ष्ण नजरेचे आभार. टाळ्या झाल्या. एनिडला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळी पांगली. मेव्हिस खिडकीशी कोट चढवत होती. एनिड जवळ गेली आणि तिने मेव्हिसचा हात धरला.

"मेव्हिस, आज मला बोलू दे. माझे डोळे अधू झालेत, हे तू ओळखलंस. तरी कोणाला बोलली नाहीस. चहाला जाताना रोज वही उघडी ठेवून गेलीस. तुझ्यामुळे माझं घर चाललं गं. हे मी मरेपर्यंत विसरायची नाही."

मेव्हिसचा एक हात कोटाच्या बाहीत तसाच राहिला. ती खुर्चीवर बसली.

"तुझे डोळे?" ती म्हणाली. "अगं, वही मी घाईत विसरत असेन. डोकं ठिकाणावर असायचंच कुठे माझं? तू दुपारी घरी गेलीस की तुझ्या वहीतलं मी माझ्या वहीत उतरवून घ्यायचे. तुला कळलंय आणि तू पांघरूण घालतेस, असं वाटायचं मला. तुझी साखर घशाखाली उतरायची नाही."

एनिड समोरची खुर्ची ओढून बसली.

"मला दोन वर्षं झाली, एनिड, जाड रेघाच काय त्या दिसतात," मेव्हिस म्हणाली. "बारीक तू बघतेस, असंच मी धरून चालले होते."