पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र

रसायनशास्त्राच्या बाई स्वतः केलेले व्हिडिओ घरून बघून यायला सांगत आणि वर्गात उदाहरणं सोडवून घेत. लेकीच्या ते जिवावर यायचं. लॅपटॉपवर व्हिडिओ लावून ती मोबाइलमध्ये डोकं खुपसायची. शेजारी आई गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बटणं लावत बसायची. सत्राअखेरच्या अभिप्रायात लेकीने ठणकावून लिहिलं, 'बाई शिकवतच नाहीत.' बहुतेकांनी तेच लिहिलं. पुढच्या सत्रात खडूफळा परतला. आठवड्याभराने सुईत दोरा ओवताना आईने विचारलं, "अगं, तुझ्या बाई हल्ली बोलत नाहीत?" "ते व्हिडिओ बंद पाडले आम्ही. का गं?" "काही नाही. सातवीतच शाळा सुटली माझी. अणू एकमेकांना का धरून राहतात, ते आत्ता कुठे उमगायला लागलं होतं." लेक वरमली. "थांब, मी सांगते," म्हणत तिने पुस्तक उघडलं. आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. लेक नुसती पानं उलटत राहिली.