या घरचे केस

फणीत आजही केस आले. घरच्या सुनेने, ओमारने, ते बोटाला गुंडाळून घाईघाईने लुंगीच्या घडीत खोचले, कारण सासूची चाहूल दारापर्यंत आली होती.

"पाठ कर. अंबाडा बसतो का बघू," दॉ थान यी म्हणाली.

हे रोजचंच होतं. सासू ओमारचे केस मुठीत धरायची, पीळ देऊन डोक्याच्या मागे गोल बसवायची आणि अंगठ्याने दाबून बघायची. मग नुसतं "हं" म्हणून निघून जायची. त्या "हं"चा अर्थ लावण्यात ओमारचा अख्खा दिवस जाई.

ब्रह्मदेशातल्या सगाइंगच्या पगोड्याच्या पायऱ्यांशी त्यांची टपरी होती. तयावच्या झाडाची साल आणि शिकेकाईच्या शेंगा उकळून केलेलं केस धुवायचं पाणी तिथे मिळे. तशा टपऱ्या त्या पायऱ्यांवर पैशाला पासरी होत्या, पण बायका यायच्या त्या इथेच, आणि त्याही पाण्याकडे नव्हे, विकणारीकडे बघून. सत्तरी गाठलेली दॉ थान यी उंच स्टुलावर केस मोकळे सोडून बसायची. गुडघ्याखाली पोचलेले, काळेभोर, मऊसूत केस. मुळाशी पिवळ्या फुलांचा जाड गजरा. बघणाऱ्या बायका तोंडात बोटं घालत.

"आमच्या घरचे केस आहेत, बाई," ती सांगायची. "या घरात केस गळत नाहीत."

खोटं तरी कसं म्हणावं? घरात भिंतीवर तिच्या सासूचा फोटो होता, त्यातही हुबेहूब तसेच केस. ती सासू उतारवयात भिक्षुणी झाली आणि मुंडन करून टेकडीवरच्या मठात गेली. आता दॉ थान यीनेही तेच ठरवलं होतं. थिंजानचा, सरत्या वर्षाचा सण संपला की ती मठात जाणार होती, आणि टपरी कोणाच्या हाती द्यायची ते नव्या वर्षाच्या सकाळी सांगणार होती.

ओमारच्या जिवाला घोर लागला होता तो याचाच. नवरा इरावतीत बोट उलटून गेला, पदरी मूल नाही, माहेरी भावाच्या संसारात पाय ठेवायला जागा नाही. टपरी सांभाळते म्हणून काय तो या घरात तिला थारा. आणि टपरी मागायला दुसरी तयारच होती. दॉ थान यीची भाची, चो चो. रक्ताची, तरणीताठी, आणि कमरेखाली पोचलेली स्वतःची वेणी पुढे घेऊनच चालणारी.

सणाच्या दिवशी अंगणात सगळ्या बायका तांदळाच्या पिठाचे गोळे वळत होत्या. आत गुळाचा खडा घालायचा, आणि थट्टा म्हणून चार-दोन गोळ्यांत मिरची. चो चोने ओमारच्या तोकड्या वेणीकडे बघून डोळे मिचकावले.

"वहिनी, सुतळी जोडा हो वेणीला. तेवढीच लांब दिसेल."

सगळ्या खो खो हसल्या. दॉ थान यी तेवढी हसली नाही. तिने एक गोळा उचलून फिरवून पाहिला. "बाहेरून सगळे सारखेच दिसतात," म्हणाली आणि तो कढईत सोडला.

ओमारला हसू आलं नाही की रडू. काय करायचं बाकी ठेवलं होतं तिने? आंबवलेलं तांदळाचं धुवण लावलं, कोरफड चोळली, खोबरेल जिरवलं. केस रेशमासारखे झाले, पण मागच्या तापानंतर जे गळायला लागले ते काही थांबेनात, आणि लांबी पाठीच्या मध्यावरून पुढे सरकेना. त्यांच्या जोरावर टपरी मागायची म्हणजे हसंच करून घ्यायचं.

नव्या वर्षाच्या सकाळी लहानांनी थोरांचं डोकं धुवून द्यायचं, म्हणजे गेल्या वर्षाची इडापिडा वाहून जाते. दॉ थान यी मात्र आपलं डोकं कधी कोणाला धुवू द्यायची नाही. स्वतःच दार लावून धुवायची. चो चो तरीही वाटी घेऊन पुढे झाली.

"आत्या, यंदा मी धुते ना."

"ओमार, पाणी घेऊन आत ये," म्हातारी म्हणाली. "आणि दार लाव."

चो चोचं तोंड एवढंएवढंसं झालं. सासूवर छाप पडावी म्हणून ओमारने आज पाणी नेहमीपेक्षा दाट उकळलं होतं, लिंबूही जास्तच पिळलं होतं. जास्त तर झालं नसेल?

दॉ थान यी पाटावर पाठमोरी बसली. ओमारने गजरा सोडला, वाटीने पाणी ओतलं, बोटं मुळाशी नेली आणि हलक्या हाताने चोळलं. दुसऱ्याच क्षणी तो सगळा केशसंभार तिच्या हातात आला.

आपण म्हातारीचे केस जाळले, आता या घरातून आपला बाडबिस्तरा उठला, एवढंच तिला सुचलं.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "माझ्या हातून..."

दॉ थान यी वळलीही नाही. तिच्या डोक्यावर मानेपर्यंतही न पोचणारे विरळ पांढरे केस होते, कपाळाशी तेवढे काळे रंगवलेले.

"तसराळ्यात ठेव. सांभाळून. दोनदा धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. माझ्या सासूने मला असंच शिकवलं, मठात जायच्या आधी."

ओमारने केस दोन्ही हातांनी तसराळ्यात ठेवले. दाराबाहेर चो चोच्या बांगड्या वाजत होत्या.

"पण चो चोचे तर एवढे लांब..."

"ते तिचे स्वतःचे आहेत. आज ना उद्या गळणार, आणि तोवर या केसांखाली मावणारही नाहीत," म्हातारी म्हणाली. "तू पाठ कर. अंबाडा बसतो का बघू."