सर्वेश नक्की कोणाच्या बाजूचा

"थांबव, थांबव तिथंच!" सखारामभाऊ ओरडले आणि विनोदनं अकराव्यांदा पिक्चर थांबवला.

देवळाच्या सभामंडपात टीव्ही मांडला होता आणि समोर गावचे सात मानकरी चष्मे पुसून बसले होते. पिक्चर गावच्याच सर्वेशनं काढलेला. रत्नागिरीत थेटरात चार दिवस चालून आता मोबाइलवर आला होता. त्यात शिमग्याची पालखी एका बाईचं दार टाळून पुढं जाते. शूटिंग केळशीकडं केलं म्हणून काय झालं, गाव कुठलं ते काय कळत नाही होय? तेव्हा सर्वेश नक्की कुठल्या पक्षाचा, याचा आज निकाल लावायचा होता. तो गावाच्या विरुद्ध निघाला, तर परवा पालखी त्याच्या आईच्या दारात जाणार नव्हती.

वाळीत टाकणं नव्हे हं. त्याला कायद्यानं बंदी आहे, हे मानकऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. फक्त पालखी खालच्या पाखाडीच्या वाटेनं न्यायची, एवढंच.

सर्वेशची आई, जनीकाकी, खांबाला टेकून बसली होती. चाळीस वर्षांत तिच्या दारातली पालखी कधी चुकली नव्हती. कालच तिनं दारापुढचं खळं सारवून घेतलं होतं. पालखी आली नाही तर त्या सारवलेल्या खळ्यात आपण काय करायचं, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. पिक्चर तिनं बघितलाच नव्हता. "आई, एकटी असताना बघ," असं पोरानं फोनवर सांगितलं होतं, पण मोबाइलवर तो लावायचा कसा ते काही तिला जमलं नाही.

"भिंतीवर कॅलेंडर बघा," विनोद म्हणाला. "लालभडक. लाल बावट्यावाला आहे हा."

"अरे, पतपेढीचं कॅलेंडर ते," आत्माराम म्हणाला. "माझ्याकडं पण तेच आहे. मी काय कम्युनिस्ट झालो?"

"बरं, पिक्चरमधल्या सरपंचाला टॉवेल कुठल्या रंगाचा दिलान?"

"पांढरा."

"पांढरा म्हणजे कोणाचा पक्ष?"

सगळे विचारात पडले. सातही जण निरनिराळ्या पक्षांना मतं देणारे, आणि प्रत्येकाला तो टॉवेल दुसऱ्याच्या पक्षाचा वाटत होता.

"चालू कर," सखारामभाऊ वैतागून म्हणाले. "पालखी गेली पुढं. आता?"

"आता काय नाय. शेजारच्या घरातली बाई देवीची ओटी भरते. बायकांचंच आहे पुढं." विनोदनं चित्र पळवलं.

"पळवू नको," जनीकाकी म्हणाली. "मागं घे जरा."

आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती. विनोदनं मुकाट्यानं मागं घेतलं.

पडद्यावर पालखी शेजारच्या खळ्यात शिरली. तिथली बाई ओटीचं ताट घेऊन उभी. मधे चिऱ्याच्या गडग्याची बुटकी भिंत, आणि गडग्यापलीकडं जिचं दार टाळलं ती बाई, भरलेलं ताट हातात धरून तशीच. ही तिच्याकडं बघत नाही. ताटातला नारळ पदरानं पुसते. स्वच्छ आहे तो, तरी पुन्हा पुसते. मग तिकडं पाठ करते आणि ओटी भरायला वाकते.

जनीकाकीनं तो नारळ ओळखला. तीन वर्षांपूर्वी गावानं निवडणूक बिनविरोध ठरवली असताना शेजारच्या राहीनं फॉर्म भरला होता. तेव्हापासून राहीचं दार टाळून पालखी थेट जनीच्या खळ्यात येत होती. जनीला वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं. पण नारळ पुसून झाला की ती ओटी भरायची. दर शिमग्याला सर्वेश मागं पडवीत उभा असायचा. आपण खाली बघत होतो, तेव्हा पोरगं आपल्याकडंच बघत होतं!

"जनी, ऐक," सखारामभाऊंनी आवाज मऊ केला. "आम्हाला काय हौस नाय. सर्वेशला आत्ता फोन लाव. देवीसमोर नारळ ठेवतो, गावाची माफी मागतो, एवढं म्हणू दे त्याला. पालखी तुझ्या दारी आणायची जबाबदारी माझी."

"भावजी, माफी कशाला? तो तुमच्या विरुद्ध नाय."

"मग कोणाच्या?"

"माझ्या. ती नारळ पुसणारी मीच की. त्याला जे दाखवायचं ते ह्यातच आहे, आणि विनोद नेमकं तेच पळवत होता."

विनोद रिमोटकडं बघत बसला. मग आत्मारामला एकदम हसू फुटलं.

"म्हणजे ह्यो आई-लेकाचा मामला! आम्ही उगाच त्याचा पक्ष शोधतोय. मिटलं की मग, भाऊ?"

"मिटलं," सखारामभाऊंनी मांडीवर थाप मारली. खरंच सुटल्यासारखं झालं त्यांना. "गावाच्या विरुद्ध नाय ना? झालं तर. जनी, जा, तयारीला लाग. परवा पालखी तुझ्या खळ्यात."

बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि कोणीतरी चहाचं विचारलं. जनीकाकी गुडघ्यावर हात टेकून उठली. पायरीपाशी जाऊन ती वळली.

"पालखी आणा, भावजी. पण ओटीचं ताट घेऊन मी राहीच्या खळ्यात उभी असेन."